जागतिक इतिहास आणि सामाजिक शास्त्रांतले शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि मुलांचा अभ्यास घेताना अडलेले पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे प्रश्न शब्दांबद्दलचे आहेत. सनावळी विसरल्यामुळे गुण जातात हे खरं, पण मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांत त्याहून जास्त नुकसान झालं ते एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द पडल्याने. सोपे प्रश्न आधी आहेत, अवघड नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्याख्या तोंडपाठ असतात, तरी परीक्षेत गोंधळ होतो. शब्द लक्षात ठेवायचे कसे?

नुसती व्याख्या पाठ करू नका. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात त्या शब्दाचा एक खरा प्रसंग, तिसऱ्यात ज्याच्याशी तो हमखास गल्लत खातो तो दुसरा शब्द. 'शस्त्रसंधी' लिहिलंत तर शेजारी '११ नोव्हेंबर १९१८, सकाळी ११ वाजता, पहिलं महायुद्ध' आणि तिसऱ्या रकान्यात 'तह'. का, ते प्रश्न ९ मध्ये आहे. अकरावीपासून पुढे चौथा रकाना वाढवा: हा शब्द कोणी वापरला? प्रश्न ८ आणि २० ची उत्तरं या चौथ्या रकान्याशिवाय लिहिताच येत नाहीत.

२. इ.स.पू. आणि इ.स. यांमधलं अंतर काढताना शून्य वर्ष धरायचं का?

नाही. इ.स.पू. १ संपलं की थेट इ.स. १ सुरू होतं. म्हणून दोन आकडे मिळवायचे आणि त्यातून एक वजा करायचा. ज्युलियस सीझरचा खून इ.स.पू. ४४ मध्ये झाला, त्याचा वारस ऑगस्टस इ.स. १४ मध्ये वारला. अंतर ४४ + १४ − १ = ५७ वर्षं. शतकांतही हाच धडा लागतो. पहिलं शतक इ.स. १ पासून सुरू होत असल्यामुळे १९०० हे साल एकोणिसाव्या शतकाचं शेवटचं वर्ष ठरतं आणि १७६१ ची पानिपतची लढाई अठराव्या शतकात येते. काही पुस्तकांत 'सामान्य युग' असा उल्लेख असतो. मोजणी तीच आहे, नाव वेगळं.

३. शके दिलेलं असेल तर इसवी सन कसं काढायचं? कधी ७८ मिळवतात, कधी ७९.

दोन्ही बरोबर आहेत, महिना पाहावा लागतो. शालिवाहन शकाचं वर्ष चैत्र पाडव्याला बदलतं, इसवी सन १ जानेवारीला. त्यामुळे चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंतच्या तिथीला ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथीला ७९.

शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. त्यात ७८ मिळवले की १६७४. महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इथे ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि मुलं गडबडतात. फाल्गुन महिना इंग्रजी वर्ष बदलल्यानंतर येतो, म्हणून ७९ मिळवायचे आणि साल १६३० धरायचं.

४. रशियातली 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरमध्ये कशी साजरी होत असे?

कारण त्या वेळी रशियात जुनं ज्युलियन पंचांग चालू होतं आणि ते १३ दिवस मागे होतं. तिथला २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे इतरांचा ७ नोव्हेंबर. त्याच वर्षीची 'फेब्रुवारी क्रांती' आपल्या हिशेबाने मार्चमध्ये झाली. पुढे १९१८ मध्ये रशियाने पंचांग बदललं, तेव्हा ३१ जानेवारीनंतरचा दिवस १४ फेब्रुवारी धरला गेला. ब्रिटनने हेच १७५२ मध्ये केलं होतं. २ सप्टेंबरनंतरचा दिवस तिथे १४ सप्टेंबर होता. जुन्या कागदांतल्या दोन तारखा दहा-तेरा दिवसांनी जुळत नसतील, तर लगेच चूक समजू नका.

५. अश्मयुग नक्की कधी संपलं?

या प्रश्नाला एक साल नाही, कारण 'युग' हा इथे काळाचा तुकडा नाही. लोक कशाची हत्यारं वापरत होते, यावरून ते नाव पडलं. पुराश्म, मध्याश्म आणि नवाश्म हे टप्पे जगात वेगवेगळ्या वेळी आले आणि वेगवेगळ्या वेळी संपले. तांबं आणि दगड दोन्ही सोबत वापरात असतील तर तो ताम्रपाषाणयुगाचा टप्पा. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात अशीच वस्ती सापडली. उत्तरात 'अश्मयुग' लिहिलंत की 'कुठलं' तेही लिहा.

६. देश, राष्ट्र, राज्य आणि सरकार यांत फरक काय? सगळे एकच वाटतात.

बोलताना एकच असतात, उत्तरपत्रिकेत नाहीत.

देश म्हणजे भूमी. राष्ट्र म्हणजे 'आपण एक आहोत' असं मानणारे लोक. राज्य म्हणजे लोकसंख्या, ठरावीक प्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता असलेली संस्था. ही चार अंगं १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात नोंदली आहेत. सरकार म्हणजे आज राज्य चालवणारी मंडळी. ती निवडणुकीत बदलतात, राज्य राहतं. कुर्द लोक तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरियात विखुरले आहेत. त्यांच्यात राष्ट्राची भावना आहे, पण स्वतःचं सार्वभौम राज्य नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपण महाराष्ट्रालाही 'राज्य' म्हणतो आणि राज्यशास्त्रातल्या सार्वभौम सत्तेलाही. वाक्यात दोन्ही आले तर एकदा 'घटकराज्य' लिहा, संदिग्धता जाते. 'संस्थान'चंही तसंच. 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' म्हणताना तो घटकराज्यासाठीचा शब्द असतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वेगळं राहिलेलं हैदराबाद 'संस्थान' म्हणजे निजामाचं राज्य.

७. लोकशाही आणि प्रजासत्ताक एकच ना? आणि मग गणराज्य काय असतं?

एक नाहीत. प्रजासत्ताकात राष्ट्रप्रमुखाचं पद वारसाहक्काने मिळत नाही. लोकशाहीत सत्ता लोकांच्या मतावर चालते. ब्रिटन लोकशाही आहे, पण तिथे राजा आहे, म्हणून प्रजासत्ताक नाही. भारत दोन्ही आहे.

प्रजासत्ताक आहे पण लोकशाही नाही, असं उदाहरण मागितलं की मुलं लांबचे देश शोधतात. जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. पोर्तुगालमध्ये ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. १९३२ पासून तिथे सालाझारची हुकूमशाही होती, आणि कागदावर देश तेव्हाही प्रजासत्ताकच होता. त्याच राजवटीत १८ जून १९४६ ला मडगावला डॉ. राम मनोहर लोहियांना सभेत भाषण केल्याबद्दल अटक झाली. राजा नसला म्हणून बोलण्याची मोकळीक असतेच असं नाही, हे गोवेकरांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

'गणराज्य' आणि 'प्रजासत्ताक' हे आज एकाच अर्थाने वापरतात. आपण २६ जानेवारीला 'प्रजासत्ताक दिन' म्हणतो, पण संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'लोकशाही गणराज्य' असे शब्द आहेत. आधुनिक भारताबद्दल लिहिताना कुठलाही वापरा. मात्र वैशालीच्या वज्जींसारख्या प्राचीन गणराज्यांना 'प्रजासत्ताक' म्हणू नका. तिथे सभा होती, चर्चा होती, पण बसायला मिळायचं ते प्रमुख कुळांतल्या पुरुषांना. सगळी प्रजा त्या सभेत नव्हती.

८. बंड, उठाव, दंगा आणि क्रांती यांतला नेमका शब्द कसा निवडायचा?

दोन गोष्टी पाहा: काय उलथलं, आणि नाव कोणी ठेवलं.

फ्रान्समध्ये १४ जुलै १७८९ ला बॅस्टिलचा तुरुंग पडला तेव्हा आत फक्त सात कैदी होते. तेवढंच घडलं असतं तर आज तो एक दंगा म्हणून उरला असता. पण ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने सरदारांचे सरंजामी हक्क काढून घेतले, सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाहीच रद्द झाली आणि जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईला गिलोटीनवर चढवलं. सत्ता, कायदा आणि समाजाची उतरंड, तिन्ही बदललं. म्हणून क्रांती.

आता आपल्याकडचं बघा. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं आणि दुकानं गाठली, कर्जखतं आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांतून हेच झालं. या लोकांना इंग्रज सरकार उलथायचं नव्हतं. त्यांचा राग त्या कागदावर होता, ज्यावर न वाचता अंगठा उठवावा लागला होता. सरकारी दप्तराने याला 'दख्खनचे दंगे' म्हटलं. मी 'दख्खनचा उठाव' शिकवते, कारण दंग्यात जे हाताला लागेल ते फुटतं, इथे नेमकी खतं शोधून जाळली गेली. १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा त्यानंतरच आला.

१८५७ ला इंग्रजांनी 'शिपायांचं बंड' म्हटलं, सावरकरांनी १९०९ मध्ये 'स्वातंत्र्यसमर'. प्रश्नपत्रिकेत जो शब्द असेल तो वापरा, आणि जागा असेल तर नाव कोणी दिलं ते एका वाक्यात सांगा. परीक्षक खूश होतो.

'औद्योगिक क्रांती' मात्र या मोजपट्टीत बसत नाही. तिला ठरावीक दिवस नाही, नेता नाही. ती दोन-तीन पिढ्यांत घडली आणि नाव मागाहून पडलं.

९. युद्धबंदी, शस्त्रसंधी आणि तह यांत फरक आहे का?

आहे. युद्धबंदी म्हणजे गोळीबार थांबवणं, कधी काही तासांसाठीसुद्धा. शस्त्रसंधी हा लढाई थांबवण्याचा लेखी करार असतो, पण कायद्याच्या भाषेत युद्ध तेवढ्याने मिटत नाही. तहाने मिटतं. पहिल्या महायुद्धाची शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ ची, तर जर्मनीशी व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. 'पहिलं महायुद्ध व्हर्सायच्या तहाने थांबलं' असं लिहिलं की तोफा सात महिने जास्त चालवल्यासारखं होतं. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली आणि शांततेचा तह कधी झालाच नाही.

मराठीतला 'तह' मात्र जास्त ऐसपैस आहे. १६६५ चा पुरंदरचा तह लढाई संपवणारा होता. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी लढाई हरून केला नव्हता. होळकरांपासून संरक्षण मिळावं म्हणून केलेली ती तैनाती फौजेची बोली होती. म्हणजे 'तह' दिसला की आधी लढाई झालीच असेल, असं धरून चालू नका.

१०. 'प्रबोधन' म्हणजे कलेचं पुनरुज्जीवन की विवेकवाद? दोन पुस्तकांत दोन अर्थ सापडतात.

ही चूक तुमची नाही. हा शब्द मराठीत तीन ठिकाणी वापरतात. एक, चौदाव्या ते सोळाव्या शतकांत इटलीत फ्लॉरेन्ससारख्या शहरांतून सुरू झालेलं कला आणि विद्येचं पुनरुज्जीवन. शालेय पुस्तकांतला 'प्रबोधनकाळ' हा आहे. दोन, सतराव्या-अठराव्या शतकांत तर्क आणि विवेकाला सर्वोच्च मानणारी विचारधारा, जिला काही जण 'ज्ञानोदय' म्हणतात. तीन, एकोणिसाव्या शतकातलं महाराष्ट्राचं समाजप्रबोधन. प्रबोधनकार ठाकऱ्यांच्या नावातलं 'प्रबोधन' याच तिसऱ्या अर्थाचं, १९२१ मध्ये निघालेल्या त्यांच्या नियतकालिकावरून आलेलं.

उत्तरात शतक आणि प्रदेश लिहा, शब्द आपोआप स्वच्छ होतो. लिओनार्दो आला की पहिलं, व्हॉल्तेअर आला की दुसरं, लोकहितवादी आले की तिसरं.

११. युरोपातली सरंजामशाही आणि मराठ्यांचा सरंजाम एकच का?

नाही, आणि माझ्या मते मराठी मुलांची सर्वांत मोठी फसगत याच शब्दाने होते. शब्द घरचा असल्यामुळे कळल्यासारखा वाटतो.

सरंजाम हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ सामग्री, तजवीज. मराठेशाहीत सरदाराने फौज बाळगावी म्हणून त्याला काही मुलखाचा महसूल लावून दिला जाई, तो सरंजाम. जमीन त्याच्या मालकीची होत नसे. तत्त्वतः तो नोकरीपुरता होता आणि काढून घेता येत असे. याउलट पाटील, कुलकर्णी आणि देशमुखांचं 'वतन' पिढीजात होतं. वतनावरून भाऊबंदकीत डोकी फुटत ती म्हणूनच. अठराव्या शतकात शिंदे, होळकर आणि गायकवाड यांचे सरंजामही व्यवहारात वंशपरंपरेने चालू लागले, आणि इथून सरंजाम व वतन यांतली रेघ पुसट झाली.

मध्ययुगीन पश्चिम युरोपात मांडणी वेगळी. मांडलिक सरदार राजापुढे गुडघे टेकून वैयक्तिक निष्ठेची शपथ घेई, त्या बदल्यात त्याला जहागीर मिळे आणि ठरावीक दिवस लष्करी चाकरी द्यावी लागे. त्याच्या जमिनीवरचे भूदास त्या जमिनीला बांधलेले असत, त्यांचे तंटेही बहुधा तोच सोडवी. म्हणजे महसूल, न्याय आणि माणसांवरचा ताबा एका हातात. युरोपबद्दल लिहिताना 'सामंतशाही' वापरलं तर हा गुंता कमी होतो. प्रश्नात 'सरंजामशाही' असेल तर तोच शब्द ठेवा, पण उदाहरण म्हणून महादजी शिंद्यांना आणू नका.

१२. भूदास, गुलाम, वेठबिगार आणि गिरमिटिया: सगळेच राबवले गेले, मग वेगळे शब्द कशाला?

कारण कायद्याने त्यांना वेगवेगळ्या दोरीने बांधलं होतं, आणि सुटकाही वेगळी झाली.

गुलाम ही कायद्याने मालमत्ता. त्याला विकता येई, त्याचं मूल आईपासून तोडून विकता येई. भूदास जमिनीला बांधलेला असे. जमीन विकली की तो तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जाई. अर्थात रशियात जमीनदार भूदासांना जमिनीशिवायही विकत, तेव्हा ही रेघ सगळीकडे सारखी ठळक नव्हती. तिथे भूदासपद्धत १८६१ मध्ये रद्द झाली, अमेरिकेत गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने. जोतीराव फुल्यांनी १८७३ मधलं आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. गुलामीचा शब्द त्यांनी जाणूनबुजून इथल्या जातिव्यवस्थेला लावला.

वेठबिगार म्हणजे सत्तेच्या किंवा जमीनदाराच्या जोरावर मोबदल्याशिवाय करून घेतलेलं काम. गिरमिटिया हा शब्द इंग्रजीतल्या 'ॲग्रीमेंट'चा बोलीतला अवतार. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला भारतीय करारबद्ध मजुरांचं जहाज मॉरिशसला लागलं. पुढच्या काळात तिथे गेलेल्यांत कोकणातले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. गिरमिटियाला मजुरी ठरलेली असे, मुदत ठरलेली असे. पण न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा घेऊन समुद्रापार नेलेल्या माणसाला 'स्वेच्छेने गेलेला' म्हणणं मला जमत नाही.

१३. सुरतेला इंग्रजांची फॅक्टरी होती, तर तिथे काय तयार होत असे?

काहीही नाही! आठवीच्या एका मुलीने हा प्रश्न वर्गात विचारला होता. तिच्या पुस्तकात सुरतेचा 'कारखाना' असंच छापलेलं होतं, मग तिने दुसरं काय समजावं?

सतराव्या शतकात 'फॅक्टर' म्हणजे कंपनीचा व्यापारी प्रतिनिधी. तो जिथे राहतो, माल घेतो, साठवतो आणि जहाजावर चढवतो, ती 'फॅक्टरी'. मराठीने यासाठी अचूक शब्द तेव्हाच शोधला होता: वखार. तळाला कापडाचे गठ्ठे आणि मिरीची पोती, वर गोऱ्यांची राहण्याची जागा, हिशेबाच्या वह्या आणि भोवती कुंपणभिंत. राजापूरच्या इंग्रजांच्या वखारीवर शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये हल्ला केला, तो माल आणि माणसं ठेवण्याच्या ठाण्यावर होता. लाकडाची वखार आणि राज्य वखार महामंडळ यांत तोच अर्थ अजून जिवंत आहे.

उलटी गंमत शिवकालातल्या 'अठरा कारखान्यां'ची. तिथे कारखाना म्हणजे खातं किंवा कोठार: धान्याचा अंबारखाना, हत्तींचा पीलखाना, तोफखाना. यंत्रांनी माल बनवणारा कारखाना या अर्थाने तो शब्द पुढे रुळला. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ मध्ये कापडगिरणीचा पाया घातला, तिथे आपण 'गिरणी' म्हणतो. थोडक्यात सूत्र: १७०० च्या आसपासची फॅक्टरी म्हणजे वखार, १८०० नंतरची म्हणजे कारखाना किंवा गिरणी.

१४. इंग्रज, ब्रिटिश, फिरंगी, वलंदेज: कोणाला काय म्हणायचं?

इंग्लंड आणि स्कॉटलंड १७०७ मध्ये एक होऊन ग्रेट ब्रिटन झालं. म्हणून १६०० ची ईस्ट इंडिया कंपनी इंग्रजांची, १७५७ ची प्लासीची लढाई ब्रिटिशांची. मराठीत सरसकट 'इंग्रज' म्हणण्याची वहिवाट आहे आणि त्यावर गुण कापू नयेत, पण 'ब्रिटिश' हा शब्द १७०७ च्या मागे नेऊ नका.

जुन्या मराठी कागदांत फिरंगी म्हणजे बहुतेक वेळा पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक आणि टोपीकर म्हणजे हे सगळेच. वेंगुर्ल्याला पडक्या अवस्थेत उभी असलेली डच वखार या वलंदेजांची.

१५. साम्राज्यवाद आणि वसाहतवाद यांत फरक सांगा. आणि भारत 'वसाहत' कसा, इथे इंग्रज तर वसले नाहीत?

साम्राज्यवाद म्हणजे दुसऱ्यांवर वर्चस्व मिळवण्याचं धोरण. वसाहतवाद हा त्याचा एक मार्ग: मुलूख प्रत्यक्ष ताब्यात घेऊन कारभार चालवायचा. मुलूख न घेताही साम्राज्यवाद चालतो. ब्रिटनशी झालेल्या अफूच्या युद्धात हरल्यावर ऑगस्ट १८४२ च्या नानजिंगच्या तहाने चीनला पाच बंदरं उघडावी लागली आणि हाँगकाँग द्यावं लागलं, तरी पेकिंगला सम्राट गादीवर होताच. ज्या अफूवरून ते युद्ध पेटलं, तिच्यातला मोठा वाटा माळव्यातून मुंबईमार्गे जात होता. मुंबईतल्या कित्येक पेढ्या त्या पैशावर उभ्या राहिल्या, हेही मुलांना कळलं पाहिजे.

तुमचा दुसरा प्रश्न 'वसाहत' या शब्दामुळे येतो. घरांच्या समूहालाही आपण वसाहत म्हणतो, त्यामुळे लोक राहायला आले पाहिजेत असं वाटतं. ऑस्ट्रेलियात आणि अल्जीरियात युरोपीय खरोखर मोठ्या संख्येने वसले. भारतात आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत मूठभर अधिकारी राज्य करत. दोन्ही वसाहतीच. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरले, त्या टेबलाभोवती एकही आफ्रिकी राज्यकर्ता नव्हता.

१६. समाजवाद आणि साम्यवाद? आणि प्रत्येक हुकूमशहा फॅसिस्ट असतो का?

समाजवादात उत्पादनाच्या मुख्य साधनांवर समाजाचा ताबा असावा असा आग्रह असतो, आणि तो निवडणुकीच्या वाटेनेही येऊ शकतो. मार्क्सवादी मांडणीत साम्यवाद हा त्यापुढचा, वर्ग आणि राज्यसंस्था दोन्ही उरणार नाहीत असा टप्पा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. फॅसिझम ही मुसोलिनीने इटलीत उभी केलेली विचारसरणी आणि संघटना. प्राचीन रोममध्ये अधिकाराची खूण म्हणून काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड मिरवत, त्यावरून नाव आलं. नुसती सत्ता बळकावून बसलेला सेनापती हुकूमशहा असतो, फॅसिस्ट असेलच असं नाही.

१७. राष्ट्रसंघ, संयुक्त राष्ट्रे, राष्ट्रकुल यांत नेहमी चुकतं. आणि अलिप्त म्हणजे तटस्थ ना?

राष्ट्रसंघ पहिल्या महायुद्धानंतरचा, १९२० ते १९४६. संयुक्त राष्ट्रे दुसऱ्या महायुद्धानंतरची, २४ ऑक्टोबर १९४५ पासून. राष्ट्रकुल म्हणजे मुख्यतः पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांचा गट. भारत स्वतंत्र होण्याआधीच राष्ट्रसंघाचा आणि संयुक्त राष्ट्रांचाही संस्थापक सदस्य होता, हा प्रश्न स्पर्धा परीक्षांत फसवायला येतो.

अलिप्त म्हणजे तटस्थ नव्हे. स्वित्झर्लंडसारखा तटस्थ देश दुसऱ्यांच्या युद्धात पडत नाही. १९६१ च्या बेलग्रेड परिषदेतले अलिप्त देश अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्या दोन्ही लष्करी गटांबाहेर होते, पण वसाहतवादाविरुद्ध ठाम बाजू घेत होते.

१८. हत्याकांड आणि वंशसंहार यांत संख्येचा फरक असतो का?

संख्येचा नाही, हेतूचा. वंशसंहारासाठीचा इंग्रजी शब्द 'जेनोसाइड' राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये घडवला. ९ डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं म्हणजे वंशसंहार. १९९४ मध्ये रवांडात तुत्सींचा झाला तो वंशसंहार.

अवघड अपवाद कंबोडियाचा. १९७५ ते १९७९ मध्ये ख्मेर रूज राजवटीत लाखो माणसं मेली. २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने वंशसंहाराचा गुन्हा शाबीत धरला तो चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी अल्पसंख्याकांबाबत. बळींमध्ये बहुसंख्य असलेल्या ख्मेरांवरचे अत्याचार 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ठरले. म्हणून त्यांचं दुःख कमी होत नाही, कायद्याचं कलम वेगळं लागतं.

१९. बखर हे प्राथमिक साधन की दुय्यम?

प्राथमिक साधन म्हणजे त्याच काळातलं, दुय्यम म्हणजे मागाहून लिहिलेलं. बखर कुठली, ते तुम्ही तिला काय विचारता, त्यावर आहे. सभासद बखर १६९७ च्या सुमाराची, शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली. लेखक समकालीन, पण लिखाण आठवणीतून. १६५९ च्या तपशिलासाठी तिची त्या वेळच्या पत्रांशी पडताळणी करावी लागेल. मात्र '१६९७ मध्ये लोक महाराजांना कसं आठवत होते?' असं विचाराल तर तीच पहिल्या हातचं साधन. याच न्यायाने आजचं पाठ्यपुस्तक इतिहासासाठी दुय्यम, पण 'आज शाळेत काय शिकवतात' या प्रश्नासाठी प्राथमिक.

२०. गोव्याबाबत 'मुक्ती' लिहायचं, 'विलीनीकरण' की 'आक्रमण'? तिन्ही वाचायला मिळतात.

आपल्या उत्तरात 'मुक्ती' लिहा, आणि का ते माहीत असू द्या.

पोर्तुगीजांनी गोवा १५१० मध्ये जिंकला. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती सोडण्यासाठी जगभरातून दबाव वाढू लागला, तेव्हा पोर्तुगालने १९५१ मध्ये जमीन सोडली नाही, शब्द सोडला. 'वसाहत' हा शब्द राज्यघटनेच्या भाषेतून काढून त्या जागी 'सागरपार प्रांत' आणला. म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच एक प्रांत, मग स्वातंत्र्य द्यायचं कोणाला? संयुक्त राष्ट्रांनी हा युक्तिवाद मानला नाही. १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात पोर्तुगालच्या अशा प्रदेशांची यादी स्वयंशासन नसलेले प्रदेश म्हणून केली गेली आणि तीत गोवाही होता.

बरोबर वर्षभराने भारतीय सैन्य शिरलं आणि १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज शरण आले. लिस्बनने त्याला आक्रमण म्हटलं, कारण त्यांच्या शब्दकोशात तो त्यांचा प्रांत होता. 'विलीनीकरण' हा शब्द संस्थानांसाठी राखून ठेवा, तिथे राजा किंवा नवाब सामीलनाम्यावर सही करत असे. गोव्यात अशी सही करणारं कोणी नव्हतं. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने, त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यानंतर.